टोमणे मारणारी काळी गाडी

आधी एक हिशेब मांडू. १९८२ साली अमेरिकन टीव्हीवर अवतरलेल्या ‘किट’ नावाच्या गाडीला किती मेमरी होती? मालिकेत मोठ्या अभिमानाने सांगितलेला आकडा आहे १,००० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे झाले १२५ मेगाबाइट. हळदीतल्या नाचाचा मोबाइलवर काढलेला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आज सहज एवढी जागा खातो. आणि तेवढ्याशा मेंदूवर ही गाडी स्वतः चालायची, कुलपं उघडायची, पोलिसांचा रेडिओ ऐकायची, गुंडांचा माग काढायची. एवढं करून वर मालकाला दोन शब्द सुनवायला मोकळीच!

मालिका ‘नाइट रायडर’. किटचं कागदोपत्री नाव ‘नाइट इंडस्ट्रीज टू थाउजंड’. २६ सप्टेंबर १९८२ ला एनबीसी वाहिनीवर पहिला भाग आला आणि १९८६ पर्यंत चार सीझन झाले. आपल्याकडे केबल घरोघरी पोचल्यावर नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर ती दिसायला लागली. त्या वेळी शाळेत असलेल्या पोरांनी नायकाचं बघून मनगटाशी तोंड नेऊन साध्या कॅसिओ घड्याळाशी बोलायचा नाद लावून घेतला तो तेव्हाच. आता तेच घड्याळ खरोखर उत्तर देतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मालिकेचा नायक मायकल नाइट, म्हणजे डेव्हिड हॅसलहॉफ. निदान श्रेयनामावलीत तरी तोच नायक आहे.

सहा शब्दांचा हिरो

एनबीसीचे कार्यक्रमप्रमुख ब्रँडन टार्टिकॉफ यांचा एक किस्सा टीव्हीच्या दुनियेत आवडीने सांगितला जातो. देखणे नट पायलीला पन्नास मिळतात, पण त्यांनी तोंड उघडलं की सगळा विचका होतो, अशी कुरकुर ते एका सहकाऱ्याजवळ करत होते. त्यातून थट्टेथट्टेत एक कल्पना निघाली. हिरोने अख्ख्या भागात मोजून सहा शब्द बोलावेत, बाकी सगळं त्याच्या गाडीने बोलावं! ही गोष्ट कितपत मीठमसाला लावून सांगितली गेली असेल कोण जाणे, पण निर्माते ग्लेन लार्सन यांची ‘नाइट रायडर’ याच टार्टिकॉफ यांच्या कारकिर्दीत आली आणि शुक्रवारी रात्री थेट ‘डॅलस’समोर उभी केली गेली. ‘डॅलस’ तेव्हा अमेरिकेतली सगळ्यात दादा मालिका.

हॅसलहॉफवर मात्र अन्याय नको. समोर माणूस नाही, उत्तर देणारा आवाज नाही, नुसता डॅशबोर्ड. त्याच्याकडे बघून रुसायचं, हसायचं, चिडायचं. हे येरागबाळ्याचं काम नाही.

कथाही मसालेदार होती. मायकल लाँग नावाच्या पोलिसाच्या चेहऱ्यावर गोळी झाडली जाते. विल्टन नाइट नावाचा मरणासन्न अब्जाधीश त्याला वाचवतो, प्लास्टिक सर्जरी करून नवा चेहरा आणि नवं आडनाव देतो, आणि वर ही गाडी. सर्जरीआधीचा मायकल दुसऱ्याच नटाने, लॅरी अँडरसनने, केला होता, पण आवाज हॅसलहॉफचाच लावला होता. विल्टन नाइट पहिल्याच भागात देवाघरी जातो, तरी त्याचा आवाज पुढे दर आठवड्याला येत राहतो. मालिकेच्या सुरुवातीचं ते भारदस्त निवेदन रिचर्ड बेसहार्ट यांचं, म्हणजे विल्टन नाइटचंच.

श्रेयनामावलीत न सापडणारा माणूस

आता खऱ्या नायकाकडे येऊ. किटचा आवाज विल्यम डॅनियल्स यांचा. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, माझं नाव घालू नका. आपल्याकडे सूत्रसंचालकाचंही नाव पडद्यावर तीनदा येतं, त्यापुढे हे जरा वेगळंच.

नाव नको म्हणणारा हा गृहस्थ कुणी नवशिका नव्हता. त्याच काळात, त्याच एनबीसीवर ‘सेंट एल्सव्हेअर’ या इस्पितळाच्या मालिकेत ते डॉ. मार्क क्रेग हा खडूस, तोंडाने फटकळ सर्जन करत होते. त्या भूमिकेसाठी १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांना एमी पुरस्कार मिळाला. म्हणजे एका मालिकेत माणसांच्या छातीवर शस्त्रक्रिया आणि दुसरीत गाडीच्या पोटातून शेरेबाजी. १९८६ ला त्यांच्या पत्नी बॉनी बार्टलेट यांनाही त्याच मालिकेसाठी एमी मिळाला. मजा म्हणजे किटची देखभाल करणाऱ्या मालिकेतल्या इंजिनिअर बाईंचं नावही बॉनीच. योगायोग, दुसरं काय.

डॅनियल्स सेटवर येत नसत. स्टुडिओत बसून ते किटचे संवाद वेगळे ध्वनिमुद्रित करत. चित्रीकरणाच्या वेळी कुणीतरी सहायक ती वाक्यं वाचून दाखवी आणि हॅसलहॉफ त्याला उत्तरं देई. पडद्यावर एकमेकांशिवाय पान न हलणाऱ्या या जोडीची पहिली भेट पहिल्या सीझनच्या नाताळच्या पार्टीत झाली, असं सांगतात. तोवर अमेरिकेने त्यांच्या दोस्तीवर जीव टाकायला सुरुवात केलेली होती.

आणि माझ्या मते मालिकेचं सगळं गमक या आवाजात आहे. तेव्हाचे पडद्यावरचे बरेच यंत्रमानव एकसुरी, खरखरीत, घशात पत्रा अडकल्यासारखे बोलत. किट शिकलासवरलेला बोलतो. मायकल वेगात गाडी हाकतो तेव्हा नापसंती, मुलीच्या मागे लागतो तेव्हा खोचक शेरा, अंगाला चिखल लागला की कुरकुर. अंगावर रेघोटी उठत नाही असं चिलखती कवच आणि तरी मन इतकं हळवं! ‘जंकयार्ड डॉग’ नावाच्या भागात किटला आम्लाच्या डबक्यात ढकलतात. नंतर त्याला नव्याने बांधून उभा करतात, पण त्याच्या मनात भीती बसलेली असते. गाडीच्या मनात भीती! हे पटवून द्यायला तसाच आवाज लागतो.

बोलताना डॅशबोर्डवर लाल पट्ट्या वरखाली नाचतात, तो किटचा चेहरा म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण सुरुवातीच्या भागांत त्या नव्हत्याच. तेव्हा एक चौकोनी लाल दिवा नुसता लुकलुकायचा. पट्ट्या पहिला सीझन अर्धा संपल्यावर आल्या. किटच्या या डॅशबोर्डचं डिझाइन मायकल शेफे यांचं. दोन छोटे टीव्ही, बटणांच्या रांगाच रांगा आणि विमानासारखं अर्धवट स्टिअरिंग. तसं ‘योक’ स्टिअरिंग टेस्लाने २०२१ साली मॉडेल एसमध्ये खरोखर बसवलं, आणि अनेक गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. वळण घेताना हात कुठे धरायचा तेच कळेना. मायकलला ती अडचण कधी आली नाही, कारण अवघड वळण आलं की किट स्वतःच चालवायचा.

लाल डोळा आणि सहा दिवे

किटच्या नाकावर डावीकडून उजवीकडे फिरणारा लाल दिवा कुठून आला? घरातूनच! ग्लेन लार्सन यांच्याच १९७८ च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मधल्या सायलॉन नावाच्या दुष्ट यंत्रमानवांच्या डोळ्यात तो फिरायचा. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६८ ला, ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधल्या हॅल या खुनी कॉम्प्युटरचाही डोळा लालच. म्हणजे लाल डोळा दिसला की पळ काढायचा, हा तोवरचा शिरस्ता. लार्सन यांनी तोच डोळा सज्जनाला लावला आणि पोरं त्याच्या प्रेमात पडली.

इलेक्ट्रॉनिक्सचे हौशी लोक आजही या पळत्या दिव्याला ‘लार्सन स्कॅनर’ म्हणतात. आर्डुइनो शिकायला बसलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना तो ‘नाइट रायडर’ या नावानेच भेटतो. त्याआधीची पिढी पुण्याच्या तपकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ५५५ आणि ४०१७ या दोन आयसी आणून तो बनवायची. त्यातली युक्ती बघण्यासारखी आहे. ४०१७ ला दहा आउटपुट असतात आणि ते एकापाठोपाठ एक चालू होतात, उलटे कधीच जात नाहीत. मग दिवा परत कसा फिरतो? तो फिरतच नाही! दिवे सहाच लावायचे. पहिली सहा आउटपुट ओळीने सहा दिव्यांना, आणि उरलेली चार उलट्या क्रमाने मधल्या चार दिव्यांना जोडायची; मधल्या चार दिव्यांच्या दोन्ही वायरी डायोडमधून. डोळ्याला वाटतं दिवा गेला आणि आला. आठ डायोड, सहा एलईडी, खेळ खलास.

ड्रायव्हर कुठे बसलाय?

रिकामी गाडी रस्त्यावरून धावतेय, हे तेव्हा कॉम्प्युटरवर करता येत नव्हतं. मग काय करायचे? स्टंट ड्रायव्हरलाच सीट करायचे! सीटच्या आकाराची खोळ अंगावर चढवून तो बसे, आतून बघत गाडी चालवी, आणि बाहेरून दिसे ती नुसती रिकामी सीट. मालिकेचे स्टंटप्रमुख जॅक गिल. थांबवून थांबवून बघितलं तर कधीकधी ती सीट जरा जास्तच गुबगुबीत दिसते.

टर्बो बूस्ट म्हणजे किटची उंच उडी. बटण दाबलं की गाडी भिंतीवरून, ट्रकवरून, नदीवरून पलीकडे. उडी खरीच असायची, रॅम्प लपवलेला असायचा. फक्त खऱ्या गाड्या अशा आपटल्या तर कंबरडं मोडतं, म्हणून अनेकदा फायबरग्लासचा हलका सांगाडा उडवला जाई. खाली पडल्यावर त्याचं काय व्हायचं ते कॅमेरा दाखवायचा नाही. पुढच्या शॉटमध्ये किट चकाचक.

पण मला सगळ्यात आवडतं ते ट्रकचं प्रकरण. धावत्या ट्रकच्या मागचा दरवाजा उघडतो, उतरंड रस्त्यावर टेकते आणि किट धावता धावता आत शिरतो. पाहणाऱ्याच्या मनात हटकून येतं, ताशी ऐंशीने फिरणारी चाकं ट्रकच्या स्थिर फळीवर आली की गाडी पुढच्या भिंतीवर जाऊन आदळणार! तसं होत नाही. ट्रक ताशी ऐंशीने चाललाय आणि गाडी पंच्याऐंशीने, तर ट्रकच्या दृष्टीने गाडी येतेय फक्त पाचने. चाकं जोरात फिरत असतात हे खरं, पण सगळ्या गाडीच्या वजनापुढे चाकांचं वजन ते किती? ती झटक्यात मंदावतात, गाडीला पुढे फेकायची त्यांची ताकद नाही. ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमाच्या मंडळींनी हे खरं ट्रक आणि खरी गाडी घेऊन करून दाखवलं. १९६९ च्या ‘द इटालियन जॉब’ सिनेमातही छोट्या मिनी गाड्या धावत्या बसमध्ये अशाच शिरल्या होत्या.

थोरला भाऊ बिघडलेला

किटला एक थोरला भाऊ आहे. त्याचं नाव कार. म्हणजे कारचं नाव कार. पूर्ण नाव ‘नाइट ऑटोमेटेड रोव्हिंग रोबॉट’. दोघांचं रूप तेच, ताकद तीच, फरक एका ओळीच्या आज्ञेचा. किटला शिकवलंय, माणसाचा जीव वाचव. थोरल्याला शिकवलं होतं, स्वतःला वाचव. हा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

१९८२ च्या ‘ट्रस्ट डझन्ट रस्ट’ या भागात दोन भुरटे चोर या बंद पडलेल्या थोरल्याला चालू करतात. शेवटी दोन्ही गाड्या एकमेकींच्या अंगावर सुसाट येतात. मायकलचा डाव असा की ज्याला स्वतःचा जीव प्यारा तोच आधी वळेल. तसंच होतं, थोरला वळतो आणि कड्यावरून खाली जातो. पंचेचाळीस मिनिटांच्या करमणुकीत यंत्राला नेमकं काय सांगावं हा प्रश्न इतका नीट मांडलाय की आज एआयवरच्या परिसंवादांत तासभर बोलून लोक त्याच मुक्कामाला येतात, तेही चहाच्या सुट्टीनंतर.

त्या भागात थोरल्याचा घोगरा, धमकावणारा आवाज पीटर कलन यांचा. दोनच वर्षांनी हेच कलन ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या ऑप्टिमस प्राइमचा आवाज झाले, म्हणजे बोलत्या गाड्यांमधला सगळ्यात मोठा सज्जन. १९८४ मध्ये थोरला पुन्हा आला तेव्हा आवाज पॉल फ्रीस यांचा होता. २००८ मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेत त्याच भूमिकेसाठी कलन यांना परत बोलावलं.

कंपन्यांची भांडणं

किट होता पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲम, १९८२ चं अगदी नवं मॉडेल. मालिकेत त्याची किंमत सांगितलीय १ कोटी १४ लाख डॉलर. हॅसलहॉफने स्वतःजवळची किट गाडी जानेवारी २०२१ मध्ये लिलावात काढली, ती गेली ३ लाख डॉलरला. राखीव किमतीपेक्षा पंचवीस टक्क्यांवर बोली गेली तर गाडी मी स्वतः घरी आणून देईन, असंही त्याने जाहीर केलं होतं.

पण खरी गंमत २००८ ची. नव्या ‘नाइट रायडर’मध्ये किट झाला फोर्ड मस्टँग, नाव ‘थ्री थाउजंड’. आवाजासाठी विल आर्नेट ठरले, काम सुरू झालं, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की आर्नेट जनरल मोटर्सच्या जीएमसी ट्रकच्या जाहिरातींना आवाज देतात. आमचा आवाज फोर्डच्या तोंडी नको, असं जनरल मोटर्सचं म्हणणं. प्रक्षेपण तोंडावर असताना आर्नेट बाहेर, व्हॅल किल्मर आत. मुळातला किट जनरल मोटर्सचाच होता, हे या सगळ्यावर वरताण! नवी मालिका १७ भागांत आटोपली. पॉन्टिॲक हा ब्रँडही जनरल मोटर्सने २०१० पर्यंत गुंडाळला.

त्याआधी १९९१ मध्ये ‘नाइट रायडर २०००’ नावाचा टीव्ही सिनेमा आला होता. त्यात किटचे सुटे भाग विकून टाकलेले आणि त्याची एक चिप चक्क एका महिला पोलिसाच्या मेंदूत बसवलेली. जास्त काही बोलत नाही.

वरातीत वाजलेला किट

‘नाइट रायडर’ कधीच न पाहिलेल्या माणसानेही तिचं संगीत ऐकलेलं आहे, आणि बहुधा त्यावर नाचलेलाही आहे. स्टू फिलिप्स आणि ग्लेन लार्सन यांच्या त्या शीर्षकधुनेचा तुकडा १९९८ च्या सुमारास अमेरिकन रॅपर बस्टा ऱ्हाइम्सने एका गाण्यात वापरला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या पंजाबी एमसीने त्यावर ढोल आणि तुंबी चढवली, लाभ जंजुआंनी गळा मोकळा सोडला, आणि झालं ‘मुंडियां तो बच के’. २००३ च्या जानेवारीत ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर होतं. त्याच वर्षी रॅपर जे-झी त्याच्या रिमिक्सवर आला. त्यानंतर आपल्याकडच्या कुठल्या वरातीत ते वाजलं नाही ते सांगा! घोड्यावर नवरदेव, पुढे मामा-काका घामाघूम, आणि खाली वाजतेय अमेरिकेतल्या एका बोलक्या गाडीची धून. लाभ जंजुआ पुढे मुंबईत हिंदी सिनेमासाठी गायले, ‘क्वीन’मधलं ‘लंडन ठुमकदा’ त्यांचंच. २०१५ मध्ये ते मुंबईतच वारले.

भारताशी आणखी एक धागा आहे. कोलकाता नाइट रायडर्स हे शाहरुख खानच्या आयपीएल संघाचं नाव या मालिकेवरूनच आलेलं. २००४ च्या ‘टारझन: द वंडर कार’मधली दिलीप छाब्रियांनी टोयोटा एमआर-टू वरून घडवलेली निळी-जांभळी गाडीही पोरं ‘आपला किट’ म्हणून मिरवायची. पण तिच्या अंगात कॉम्प्युटर नव्हता, मेलेल्या बापाचा आत्मा होता. आपल्याकडे यंत्र चालतंय म्हटलं की आत कुणीतरी घरचं माणूस लागतंच.

आणि हो, २००८ मध्ये मिओ कंपनीने ‘नाइट रायडर’ जीपीएस बाजारात आणलं होतं, दोन्ही बाजूंना लुकलुकणारे लाल दिवे आणि आवाज खुद्द डॅनियल्स यांचा. ‘डावीकडे वळा’ हे आजही फोनमधली बाई सांगते, पण चुकलात तर ती मुकाट नवा रस्ता शोधते. किटने आधी चार शब्द सुनावले असते.

आता बघायला बसणार असाल तर पायलट, म्हणजे पहिला भाग, नंतर बघा, आधी ‘ट्रस्ट डझन्ट रस्ट’ लावा. आवडलं तर पहिले दोन सीझन सलग पाहून टाका. तिसरा चवीपुरता. चौथ्या सीझनमध्ये किटला पंख फुटतात, छप्पर उघडतं, ‘सुपर पर्सुट मोड’सारखी नवी बटणं येतात आणि दोघांच्या गप्पा मागे पडतात. तो सोडलात तरी काही बिघडत नाही.